‘नाही’च्या रकान्यातली रेघ

माझं नाव कचरू. माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने हे नाव ठेवलं. मरणाने माझ्याकडे ढुंकूनही बघू नये, हा तिचा हिशेब. एकसष्ट वर्षं झाली, म्हणजे उपाय लागू पडला म्हणायचा. मुलीचं नाव मात्र आम्ही दीक्षा ठेवलं. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, अंगारा-धुपारा नाही, असल्या गोष्टी मी मानत नाही. पण त्या मार्च महिन्यात मला सारखं वाटत होतं, की तिचंही धोंडू-दगडू असं काहीतरी ठेवायला हवं होतं. भीती वाटायला लागली की माणूस काय काय मानायला लागतो.

दीक्षाला रक्ताचा कर्करोग होता. सव्वीस वर्षांची मुलगी. खराडीच्या एका आयटी पार्कात सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. त्याच पार्काच्या दोन नंबर गेटवर मी सिक्युरिटी सुपरवायझर. भोसरीतली माझी कंपनी बंद पडली तेव्हापासून मी या धंद्यात आहे. ती कामाला लागली त्या दिवशी गेटवर आली आणि मला बघून हसली. मी म्हणालो, “मॅडम, कार्ड दाखवा.” तिला वाटलं चेष्टा करतोय. मी हाताने अडवलं. मागे रांग लागली, तेव्हा तिने मुकाट्याने पर्समधून कार्ड काढलं. चार वर्षं मी रोज तिचं कार्ड बघितलं. घरी आल्यावर ती जयाला, म्हणजे माझ्या बायकोला सांगायची, “मम्मी, या माणसाने मला आजपण ओळखलं नाही.”

माझ्या हाताखाली अठरा गार्ड होते आणि त्यांना माझं एकच सांगणं असायचं. फेरी मारल्याशिवाय सही नाही. आमच्याकडे दर तासाला बेसमेंट, जिना, गच्ची अशी फेरी मारून रजिस्टरमध्ये ‘सर्व ठीक’ लिहायचं आणि सही करायची. बहुतेक ठिकाणी काय करतात? ड्यूटीवर आल्या आल्या बाराही तासांचं ‘सर्व ठीक’ एका दमात लिहून मोकळे होतात. खाली आग लागली तरी कागदावर सर्व ठीक. सीताराम नावाचा एक गार्ड मला असा सापडला. सकाळी आठ वाजता त्याने संध्याकाळच्या सातची सही केलेली. माणूस चांगला होता, दोन लेकरांचा बाप होता, हातापाया पडला. मी त्याला त्याच दिवशी काढला. आणि त्याची गोष्ट पुढे प्रत्येक नव्या गार्डला छाती फुगवून सांगितली.

दीक्षाचा आजार एकदा केमोने गेला आणि आठ महिन्यांनी परत आला. दुसऱ्या वेळची केमो लागू पडेना. अस्थिमज्जा बदलायची तर माझी, जयाची, मुलाची तपासणी झाली, पण पूर्ण जुळणारा दाता मिळेना, आणि आजार आटोक्यात आल्याशिवाय ते करताही येत नव्हतं. तेव्हा डॉक्टर राजनंदिनी जगदाळे यांनी आम्हाला बोलावलं. बाई पन्नाशीच्या, बोलणं मोजकं. त्यांच्या हॉस्पिटलात एक नवा उपचार तपासून बघणं चालू होतं. निरोगी माणसाच्या रक्तातल्या एका जातीच्या पेशी काढायच्या आणि रुग्णाला द्यायच्या. नॅचरल किलर पेशी.

मी विचारलं, “म्हणजे काय करतात त्या?”

“तुम्ही काय काम करता?”

“गेटवर असतो.”

“मग तुम्हाला समजेल. या पेशी अंगात फिरत असतात आणि प्रत्येक पेशीचं कार्ड बघतात. कार्ड ओळखीचं असलं तर सोडतात. नसलं तर तिथेच मारतात, वर विचारायला जात नाहीत. दीक्षाच्या स्वतःच्या पेशी आता थकल्यात. आईच्या आणि भावाच्या दिल्या तर त्यांना तिच्या कॅन्सरचं कार्ड ओळखीचं वाटेल, सोडून देतील. तुमच्या पेशींना ते ओळखीचं वाटणार नाही. म्हणून दाता तुम्हीच.”

मला तेव्हा भीती कमी आणि अभिमान जास्त वाटला, खोटं कशाला बोलू. चार वर्षं जे गेटवर केलं तेच आता तिच्या अंगात जाऊन करायचं होतं.

मग फॉर्म आला. दीपमाला सिस्टर दात्यांचं सगळं बघायच्या. त्यांनी तीन पानं हातात ठेवली. कावीळ झाली होती का, दमा आहे का, मधुमेह, फिट, दारू, सध्या कोणती औषधं घेता. प्रत्येकापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन रकाने. मी पहिले तीन-चार प्रश्न वाचले. नाही, नाही, नाही. पुढे वाचत बसलो नाही. माझ्यात काही खोट निघाली तर ते मला नाकारतील आणि मग दीक्षाला कोण, एवढंच डोक्यात होतं. ‘नाही’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत मी एकच रेघ ओढली आणि सही केली.

आता मच्छिंद्रच्या पुडीबद्दल सांगतो. स्वारगेट स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं टेबल आहे. सांधेदुखीची पूड विकतो. उभं राहून राहून माझे गुडघे कामातून गेले होते. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी पत्ता दिला. रोज सकाळी एक पुडी कोमट पाण्यातून, तिसऱ्या दिवशी मी दोन-दोन पायऱ्या चढायला लागलो. भूक वाढली, गाल वर आले. जया म्हणायची, “तीस वर्षांनी पुण्याचं पाणी लागलं तुम्हाला.” मी पुडी कधीच सोडली नाही. पण ते औषध आहे असं मला एकदाही वाटलं नाही. औषध म्हणजे गोळी, इंजेक्शन, डॉक्टरची चिठ्ठी. पुडी म्हणजे झाडपाला. आमच्या गेटवरचे निम्मे गार्ड काही ना काही पूड खातात, कोणालाही विचारा औषध घेतोस का, तो नाहीच म्हणेल.

रक्ताच्या पहिल्या तपासण्या ठीक आल्या. बुधवारी दीक्षाला केमो सुरू झाली. ही केमो आजार मारण्यासाठी नव्हती, जागा रिकामी करण्यासाठी होती. तिच्या अंगात स्वतःचं संरक्षण म्हणून जे काही उरलं होतं ते साफ करायचं, म्हणजे माझ्या पेशी आत गेल्यावर त्यांना कोणी हाकलणार नाही. सोमवारी माझं रक्त मशीनमधून काढायचं आणि मंगळवारी तिला द्यायचं.

गुरुवारी तिच्या पाठीवर आणि हातांवर पुरळ उठलं. जयाने डॉक्टरांना विचारलं, “खाजेचं इंजेक्शन द्या ना, मागच्या वेळी दिलं होतं ते.”

“ते स्टेरॉइड होतं,” डॉक्टर म्हणाल्या. “आता ते चालणार नाही. त्याने या पेशी झोपतात.”

आणि मी तिथे उभा होतो, हातात जयाचा डबा, आणि मला एकदम माझी सकाळची पुडी आठवली.

कारण धोंडिबा. आमचाच एक गार्ड, मच्छिंद्रचं जुनं गिऱ्हाईक. वर्षापूर्वी तो गावी गेला, पुड्या संपल्या आणि चौथ्या दिवशी कोसळला. हॉस्पिटलातून परत आल्यावर त्याने मला सांगितलं होतं, “साहेब, त्या पुडीत स्टेरॉइड कुटून घालत्यात म्हणं. तुमी बी सोडा, पर एकदम नका सोडू.” मी हसून म्हणालो होतो, “तुला दारूने पाडलं असेल.” हे सगळं मला त्या क्षणी शब्द न् शब्द आठवलं.

तिथेच सांगायला हवं होतं. डॉक्टर दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. पण मी डबा टेबलावर ठेवायला वळलो. दीक्षाला दोन दिवसांची केमो गेलेली होती. आता मी तोंड उघडलं तर मला बाद करतील, आणि दुसरा कोणी नाही, आणि ती आतून रिकामी होऊन बसलेली. मी ठरवलं, पुडी आजपासून बंद. चार दिवसांत निघून जाईल अंगातून, कोणाला कळायचं कारण नाही.

शुक्रवारी गुडघे असे पेटले की वाघोलीला घराचा जिना मी बसून उतरलो. शनिवारी उलट्या झाल्या. रविवारी उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. जया म्हणाली, “अहो, तुम्हाला बरं नाही, डॉक्टरांना फोन करू का?” मी तिच्यावर ओरडलो. इतकं मी तिच्यावर तीस वर्षांत ओरडलो नव्हतो. ती बुद्धाच्या मूर्तीपुढची मेणबत्ती सरळ करून आत गेली. मी बाथरूमचं दार लावून नळ सोडून उलटी केली. मला माझ्या मरणाची भीती नव्हती. मी सोमवारी उभा दिसलो पाहिजे, एवढीच भीती होती. दीक्षा हॉस्पिटलात काचेच्या खोलीत माझी वाट बघतेय आणि मी तिला झोपलेल्या पेशी देणार, हा विचार मनात आला की मी तो झटकून टाकायचो. तो परत यायचा.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलात दीपमाला सिस्टरांनी रक्तदाब घेतला. परत घेतला. दुसऱ्या हाताला घेतला.

“काका, नाश्ता केलात ना? वरचा आकडा पंच्याऐंशी येतोय.”

“केला. उकाड्याने होत असेल.”

“नवीन काही औषध वगैरे घेतलं का?”

“नाही,” मी म्हणालो. पुन्हा.

त्यांनी माझी फाईल पलंगाच्या कडेला ठेवली आणि डॉक्टरांना बोलवायला गेल्या. फाईल उघडीच होती. वर माझा फॉर्म होता. ‘नाही’च्या रकान्यात वरून खाली निळ्या शाईची सरळ रेघ, तिन्ही पानांवर तशीच, मध्ये कुठेही पेन उचललेलं नाही. तळाला माझी सही. मी ती रेघ बघत राहिलो. सीतारामचं रजिस्टर तरी बरं होतं, त्याने निदान ‘सर्व ठीक’ बारा वेळा लिहिलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. दीक्षाचा मेसेज. “पप्पा, तुमच्याकडे ऑल ओके?”

माझा अंगठा सवयीने ‘सर्व ठीक’ लिहायला गेला. ‘सर्व’ लिहून झालं आणि मला रडू फुटलं. डॉक्टर आल्या तेव्हा मी पलंगावर बसून मोठ्याने रडत होतो, आणि रडता रडताच सगळं सांगितलं. पुडी, दोन वर्षं, धोंडिबा, गुरुवार.

डॉक्टर जगदाळे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “गुरुवारी मी तुमच्यासमोर उभी होते. तुम्ही काय मुहूर्त बघत होतात का?”

मी हात जोडले. “मॅडम, मला काय व्हायचं ते होऊ द्या. आत्ताच काढून घ्या रक्त.”

“तुम्हाला काय होतंय ते कळतंय का? दोन वर्षं स्टेरॉइड बाहेरून मिळालं म्हणून तुमच्या शरीराने स्वतःचं बनवणं बंद केलंय. आणखी एक दिवस गेला असता तर याच पलंगावर गेला असतात. मुलीला वाचवायला आलेला बाप मी मरू देऊ?” त्या सिस्टरांकडे वळल्या. “आधी यांना सलाईन लावा. आणि इंजेक्शन, शरीराला लागतं तेवढंच.”

“पण ते स्टेरॉइडच ना? पेशी झोपतील.”

“शरीराला लागतं तेवढ्याने नाही झोपणार. तुम्ही दोन वर्षं खाल्लंत त्याने झोपल्या असतील. बुधवारपर्यंत थांबू. त्याच्यापुढे दीक्षाला थांबवता येणार नाही.”

ते दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. मंगळवारी दुपारी दीक्षाला एकशे तीन ताप चढला. तिच्या अंगात लढायला काहीच नव्हतं, ते आम्हीच काढून टाकलं होतं, आणि त्या जागेवर ज्यांनी त्याच दिवशी यायचं होतं ते माझ्यामुळे आले नव्हते. मी सलाईनचा स्टँड ढकलत तिच्या काचेपर्यंत गेलो. ती कुडकुडत होती. जया मास्क, टोपी, गाऊन घालून आत तिचे पाय चोळत होती. जयाने माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. तिला मी सकाळी सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, “तरी मी विचारलं होतं तुम्हाला.” मी काचेला हात टेकवून उभा राहिलो. मला वाटलं, ही आता जाणार आणि मी इथे उभा राहून बघणार.

ताप पहाटे उतरला. बुधवारी चार तास माझं रक्त एका हातातून मशीनमध्ये आणि दुसऱ्या हातातून परत अंगात फिरलं. संध्याकाळी प्रयोगशाळेतून निरोप आला. पेशी पुरेशा मिळाल्या, पण सुस्त आहेत. कॅन्सरच्या पेशींबरोबर ठेवून बघितल्या तर शंभरातल्या अकरा मारतात, निदान तीस तरी हव्यात. रात्रभर त्यांना जागं करायच्या औषधात ठेवलं. सकाळी आकडा एकवीसवर आला. डॉक्टर म्हणाल्या, “हेच आहे. हेच देऊ.”

एक छोटी पिशवी होती, पातळ ताकाच्या रंगाची. वीस मिनिटांत संपली.

संध्याकाळी मला पाच मिनिटं आत सोडलं. मी ठरवूनच गेलो होतो. मास्कमधून मी दीक्षाला सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. ती पुरळ ओसरलेल्या हातांकडे बघत ऐकत होती. मग तिने विचारलं, “गुरुवारीच कळलं होतं तुम्हाला?”

“हो.”

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी काचेबाहेर बसायचो, ती मम्मीशी बोलायची, फोन बघायची, झोपायची. तो राग मी मान्य केला. राग धरायला ती जिवंत होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी मज्जेची तपासणी झाली. उपचाराआधी शंभरात एकतीस पेशी खराब होत्या, आता नऊ. डॉक्टर म्हणाल्या, “उतरलंय. पण पाचच्या खाली यायला हवं होतं. नऊ पुरेसं नाही.”

“पुडी नसती तर?” मी विचारलं. “पाचच्या खाली आलं असतं का?”

डॉक्टरांना चिडता आलं असतं, धीरही देता आला असता.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “हे कधीच कोणाला कळणार नाही.”

हे वाक्य मी तेव्हापासून रोज ऐकतो. गेटवर उभा असतो, गाड्या येतात-जातात, आणि कानात ते चालू असतं.

पण त्यांनी आणखी एक सांगितलं. दुसऱ्यांदा देता येईल. माझा स्टेरॉइडचा डोस हळूहळू कमी करत आणायचा, दोन महिन्यांत माझं शरीर स्वतःच्या पायावर उभं राहील, तोवर दीक्षाला सौम्य औषधांवर सांभाळायचं. तेवढे दिवस तिला मिळाले तर. ‘तर’ हा शब्द त्यांनी हळू म्हटला, पण आम्हा तिघांनाही ऐकू आला.

ते मिळाले. जून संपता संपता आम्ही पुन्हा त्याच खोलीत बसलो होतो. माझे गाल उतरले होते, गुडघे दिवसभर ठणकत होते, मी काठी घेऊन चालत होतो. दीक्षाच्या डोक्यावर रुमाल, हात काडीसारखे. उद्यापासून तिची केमो पुन्हा सुरू होणार होती. दीपमाला सिस्टरांनी तोच फॉर्म आणला, कोरा. मी पेन घेतलं, टोक ‘नाही’च्या रकान्यापर्यंत नेलं आणि तिथेच थांबलो.

दीक्षाने पेन माझ्या हातातून काढून घेतलं. फॉर्म स्वतःच्या मांडीवर ओढला आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये वाचत असेल तशा आवाजात पहिला प्रश्न वाचला.

“कावीळ?”

“नाही.”

तिने लिहिलं नाही. मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“पप्पा, असं नाही. आधी फेरी मारा. मग सही.”

मी डोळे मिटले. पायापासून सुरुवात केली. डाव्या अंगठ्याला बुरशी झाली होती, तिचं मलम लावतो. गुडघ्याला जया तिळाचं तेल लावते, त्यात ओवा असतो, दुसरं काही नाही, बाटली आणून दाखवतो. पोट साफ व्हायला परवा एरंडेल घेतलं. लहानपणी गावाला एकदा डोळे पिवळे झाले होते, आईने पाला बांधला होता. तंबाखू सोडून अकरा वर्षं झाली, पण गेल्या महिन्यात गेटवर दोनदा चिमूट घेतली. मी सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. सिस्टर दोनदा दारात येऊन गेल्या. पाऊण तास झाला.

“संपलं?” तिने विचारलं.

“एक राहिलं. खूप भीती वाटते.”

“त्याचा रकाना नाही,” दीक्षा म्हणाली. मग तिने समासात बारीक अक्षरात तेही लिहिलं, आणि फॉर्म सहीसाठी माझ्यापुढे धरला.